सदतिसावं मिनिट

सदतिसाव्या मिनिटाला उठायचं, असं ठरलं होतं.
आयरीनच्या सलूनमध्ये पत्रकं छापली,
गुलाबी कागदावर, कारण पांढरा संपला होता.
सदतीस, कारण ब्रॅनिगनने क्लब घेतल्याला
तितके महिने झाले.

सदतीस महिन्यांत त्याने मैदान विकलं एका कंपनीला.
कंपनी त्याचीच.
आता क्लब तिला भाडं भरतो,
आमचे पैसे त्याच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात जातात
आणि मधल्या मधे गवत मरतं.
कुंपणाने शेत खाल्लं असतं तर समजले असते मी.
या कुंपणाने शेत गहाण टाकलं
आणि हंगामी तिकीट म्हणून आम्हाला कुंपण विकलं.

बिल्ल्यावरचा बगळाही गेला.
नव्वद वर्षं विथल नदीत एका पायावर उभा होता बिचारा,
मासा मिळो न मिळो.
आता तिथे एक बाण आहे, वर जाणारा.
त्याच मोसमात आम्ही खालच्या विभागात गेलो.

मग पत्र आलं: प्रिय ग्राहक.
अहो, चाळीस वर्षं बेकरीत उभी होते मी,
गिऱ्हाईक मला शिकवू नका.
पाव शिळा निघाला की गिऱ्हाईक
रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातं.
मी कुठला रस्ता ओलांडू?

आणि संघ!
उसनवारीचा सगळा. जानेवारीत येतात, मे महिन्यात जातात,
जर्सीवरचं नाव पाठ होईतो पाठ वळलेली.
शिव्या द्यायला तरी कुणी आपलं हवं ना.
उजव्या बगलेचा तो टोबी, एकोणीस वर्षांचा,
चेंडू आला की दार वाजल्यासारखा दचकतो.
त्याला मी काय काय बोललेय, इथे लिहीत नाही.
पुढे एकदा दिसला दुकानात,
आईबरोबर, अंडी उघडून बघत होता
फुटलेलं एखादं आहे का.
मी कांद्यांच्या मागे लपले.

तर, शनिवार. शून्य–तीन.
घड्याळात सदतीस.
खुर्च्या खाडखाड मिटत गेल्या, मीही उठले.
शेजारचा हॉस्किन उठला नाही.
तेवीस वर्षं आम्ही शेजारी बसतो,
त्याचं पहिलं नाव मला माहीत नाही.
म्हणाला, "तू जा. थर्मास राहू दे, मी सांभाळतो."
गुडघे दुखतात म्हणून, की
त्याला वाटलं कुणीतरी आत असायला हवं,
विचारलं नाही.

टॅनर गल्लीत आम्ही तीनशेएक जण.
लोखंडी फाटक एकाच बाजूला उघडतं,
बाहेर पडलेल्याला आत घेत नाहीत.
घोषणा दिल्या. यमक नीट जुळत नव्हतं.
ब्रॅनिगन तर हजार मैलांवर, समुद्रकाठी,
आमचा आवाज पोचला फार तर
कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानापर्यंत.

आणि मग भिंतीमागून तो आवाज आला.
लहानसा, फाटका,
आत उरलेल्या माणसांच्या मानाने मोठाच.
तो आवाज मी भूल दिलेली असतानाही ओळखीन.
अकरा आठवड्यांनी, पहिला,
आमचा.

क्षणभर कुणाला कळेना काय करावं.
निषेधाचा फलक हातात धरून
माणसाने उडी कशी मारायची?
मग आयरीनने एका पोलिसाला मिठी मारली
आणि सगळेच सुटले.
कुणी मारला, कसा मारला, काही ठाऊक नाही,
रस्त्यावर माणसं रडतायत, हसतायत,
बंद फाटकाला मुके देतायत.
फाटकावरचा पोरगा फटीतून बघून आला,
"टोबीने," म्हणाला, "उजव्या पायाने. लांबून."

मी फलक भिंतीला टेकवला.

एक–पाच संपला सामना.
हॉस्किन लंगडत बाहेर आला,
मी विचारलं, कसा होता?
त्याने हात हवेत उचलला, चेंडूचा बाक दाखवायला,
आणि तसाच खाली घेतला.
"काही खास नाही," म्हणाला. "असाच. नशिबाचा."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलला.
थर्मास हातात दिला. हलका लागला.
सगळा चहा पिऊन टाकला होता त्याने,
आणि टोपणाला इतका घट्ट पिळलं होतं
की घरी येऊन मला ते उघडेना.